जुन्या लष्करी वाहनांचे मोल

लष्करी वाहन युद्धासाठी निर्माण होते. परंतु त्याच्या आयुष्याचा मोठा भाग बहुधा सैन्याची सेवा संपल्यानंतरचा असतो. सैन्याने निकालात काढलेले वाहन लिलावात जाते, तेथून ते शेतकऱ्याच्या, ठेकेदाराच्या किंवा भंगारवाल्याच्या हाती पडते, आणि त्यातूनही जे वाचते ते कित्येक वर्षांनी एखाद्या शौकिनाच्या अंगणात येऊन उभे राहते. या प्रवासात त्याची किंमत प्रथम उतरते, काही काळ तळाशी राहते आणि पुढे पुन्हा चढू लागते. समाज आपल्या जुन्या वस्तूंकडे केव्हा आणि कोणत्या कारणाने वळून पाहतो, हे या चढउतारावरून चांगले समजते.

वाराणसी विभागात याचे बोलके उदाहरण सापडते. वाराणसीच्या पूर्वेस असलेल्या गाझीपूर जिल्ह्यातील धामूपूर हे हवालदार अब्दुल हमीद यांचे गाव. १९६५ च्या युद्धात खेमकरण विभागातील असल उत्तर येथे त्यांनी जीपवर बसविलेल्या १०६ मिलिमीटर तोफेने शत्रूचे अनेक पॅटन रणगाडे निकामी केले आणि १० सप्टेंबर रोजी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. २००० साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, तेव्हा त्यावर ही तोफवाहू जीपही चितारली होती. याच मुलखात पुढे दुसऱ्या जीपगाड्याही धावत होत्या. बनारसहून आसपासच्या कसब्यांकडे माणसे कोंबून नेणाऱ्या या परवान्याविनाच्या वाहनांना तेथील लोक ‘डग्गामार’ म्हणत. दोन्ही जीपगाड्या एकाच कुळातल्या. पण एकीचे मोल दिवसाच्या भाड्यावरून ठरत होते, तर दुसरीचे स्मृतीवरून. जुन्या लष्करी वाहनांच्या बाजाराचे सारे रहस्य या दोन मोलांमधील अंतरात साठविलेले आहे.

या कुळाचा आरंभ दुसऱ्या महायुद्धात झाला. अमेरिकेच्या सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. १९४१ च्या करारात विलिसच्या एका गाडीची किंमत सुमारे ७३९ डॉलर ठरली होती. युद्ध संपताच हजारो गाड्या निरुपयोगी ठरल्या व स्वस्तात विकल्या गेल्या. भारतातही युद्धोत्तर काळात असा माल बाजारात आला. १९४७ मध्ये मुंबईच्या महिंद्र कंपनीने विलिसच्या गाड्यांचे सुटे भाग आणवून त्या जोडण्यास प्रारंभ केला. पुढे तिने तयार केलेली उंच बॉनेटची जीप सैन्यात, पोलिसांत, वनखात्यात आणि ग्रामीण रस्त्यांवर सर्वत्र दिसू लागली.

अशा वाहनाच्या किमतीच्या तीन अवस्था सांगता येतील. पहिली अवस्था उपयुक्ततेची. या काळात गाडी किती ओझे ओढते, चिखलातून कशी निघते आणि इंधन किती पिते, एवढेच विचारले जाते. दुसरी अवस्था अडगळीची. १९७३ नंतर पेट्रोल महागले, तेव्हा अनेक जीपगाड्यांची मूळ इंजिने काढून त्यांत डिझेल इंजिने बसविण्यात आली. कित्येकींच्या चौकटी लांबविल्या, तर कित्येकींच्या मागे माणसे बसविण्यासाठी बाके ठोकली. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव अशा जीपगाड्यांच्या फेरबांधणीसाठी प्रसिद्धीस आले. मालकाच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हते. गाडी जगविण्याचा तोच मार्ग होता. तिसरी अवस्था स्मृतीची. गाडी दुर्मीळ होते, तिच्याशी जोडलेल्या काळाविषयी कुतूहल वाढते, आणि जे भाग निरुपयोगी म्हणून फेकून दिले होते त्यांचा शोध सुरू होतो.

परदेशांत ही तिसरी अवस्था लवकर आली. ब्रिटनमध्ये १९६८ च्या सुमारास, तर अमेरिकेत १९७६ मध्ये लष्करी वाहनांच्या शौकिनांच्या संघटना उभ्या राहिल्या. नॉर्मंडीच्या स्वारीचे स्मरणोत्सव आणि १९९८ चा ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ यांसारखे चित्रपट यांनी महायुद्धकालीन गाड्यांची मागणी वाढविली. तथापि किमतीचा विचार करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेत उत्तम स्थितीतील विलिस जीप अलीकडे बहुधा पंधरा ते तीस हजार डॉलरांना जाते. आकडा डोळे दिपविणारा वाटतो. परंतु चलनवाढ हिशेबात घेतली, तर १९४१ चे ७३९ डॉलर आज सुमारे पंधरा हजारांच्या बरोबरीचे होतात. म्हणजे ऐंशी वर्षांनंतरची किंमत सरकारने मोजलेल्या किमतीइतकी किंवा फार तर दुप्पट भरते. आणि त्यात दुरुस्तीचा खर्च व श्रम मिळविले, तर शौकिनाच्या हाती नफा म्हणून फारसे काही उरत नाही. मोठ्या मालट्रकांची स्थिती याहूनही बिकट. ते आकाराने मोठे असूनही पुष्कळदा जीपपेक्षा स्वस्त मिळतात, कारण ते ठेवण्यास जागा, चालविण्यास इंधन आणि बदलण्यास टायर परवडत नाहीत.

आवड पिढीगणिक बदलते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. महायुद्ध पाहिलेली पिढी आता जवळजवळ उरलेली नाही. भारतातील नव्या शौकिनांना स्वतःच्या बालपणी छावणीच्या रस्त्यावर पाहिलेली गाडी अधिक जवळची वाटते. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या नमुन्यावरून बनलेली जोंगा हे याचे उत्तम उदाहरण. तिचे सुमारे चार लिटरचे पेट्रोल इंजिन इतके खर्चिक होते, की लिलावात तिला घेणारे अनेकजण ते प्रथम काढून टाकीत. २०१९ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी रांचीच्या रस्त्यावर जोंगा चालविताना दिसले आणि या जवळजवळ विसरलेल्या गाडीची चर्चा पुन्हा सर्वत्र झाली. १९८५ मध्ये बाजारात आलेली व पुढे सैन्याने मोठ्या संख्येने स्वीकारलेली जिप्सी आता त्याच वाटेवर आहे. रणगाडे मात्र या बाजाराबाहेर राहतात. त्यांची जागा अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, येथील रणगाडा संग्रहालयासारख्या ठिकाणी किंवा छावण्यांच्या चौकांत असते.

मागणी वाढली की नकलांचेही पीक येते. साध्या नागरी जीपला हिरवा रंग फासून, मागे इंधनाचा डबा अडकवून ती लष्करी म्हणून खपविणे अवघड नाही. जाणकार मात्र बारीक खुणा पाहतो. फोर्डने आपल्या जीपच्या भागांवर, इतकेच नव्हे तर बोल्टांच्या माथ्यांवरही, ‘एफ’ हे अक्षर उमटविले होते. महायुद्धकालीन जीपला मागे उघडणारे फळकूट नव्हते. नागरी गाडीला ते होते. चौकटीवरील क्रमांक आणि लिलावाचा कागद यांचे महत्त्व तर रंगरंगोटीपेक्षा कितीतरी अधिक.

या कागदाला आता कायद्याचेही बळ मिळाले आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था केली. शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. असे वाहन प्रदर्शन, संशोधन, मेळावा व देखभाल अशा कारणांपुरतेच रस्त्यावर आणता येते. मुख्य अट अशी, की चौकट, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ज्या डिझेल इंजिनाने एखादी जीप भंगारातून वाचविली, तेच आज तिला या मान्यतेपासून दूर ठेवते.

यातून निघणारा बोध साधा आहे. शौकिनांच्या आवडीबरोबर किंमत पुन्हा वाढू शकते, उतरूही शकते. पण कापलेली चौकट आणि हरवलेला कागद परत येत नाही. आज लिलावातून स्वस्तात घेतलेल्या जिप्सीचे मूळ इंजिन गोदामाच्या कोपऱ्यात जपून ठेवणारा, तिचा लष्करी क्रमांक पुसण्यापूर्वी त्याची नोंद करणारा आणि ती कोणत्या छावणीतून आली हे लिहून ठेवणारा मालक कदाचित त्यातून एक रुपयाही मिळविणार नाही. परंतु पन्नास वर्षांनी कोणी त्या गाडीची हकीकत विचारली, तर उत्तर देण्यास काहीतरी शिल्लक असेल ते त्याच्यामुळेच.