टाकणखार आणि सूर्याचा अग्नि

अक्कलकोटच्या कोणत्याही सोनाराकडे टाकणखार असतोच. त्यांतील बोरॉन हें मूलद्रव्य पुढेंमागें वीज निर्माण करण्याच्या कामीं येईल, असें कित्येक शास्त्रज्ञांस वाटतें.

सूर्यांत हायड्रोजनचे अणुगर्भ एकत्र येऊन हेलियम बनतो व उष्णता निघते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणांत, आपल्या नैर्ऋत्येस असलेल्या जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीं वर्णपटदर्शकानें सूर्यज्वाला पाहिल्या. त्याच वर्षीं सूर्यप्रकाशांतील एका पिवळ्या रेषेवरून हेलियमचा सुगावा लागला.

हीच क्रिया पृथ्वीवर घडविण्यास ड्यूटेरियम व ट्रिटियम हें इंधन सर्वांत सुलभ. परंतु सुमारें ८० टक्के शक्ति न्यूट्रॉन घेऊन जातात. ते भट्टीच्या भिंती कमकुवत करितात व त्यांस किरणोत्सर्गी बनवितात. हायड्रोजन व बोरॉन यांच्या संयोगांत मात्र हेलियमचे तीन अणुगर्भ मिळतात. ते विद्युद्भारित असल्यामुळें त्यांपासून थेट वीज काढण्याची आशा आहे. (थोडे न्यूट्रॉन येथेंही निघतात, अगदींच सोंवळें इंधन हें नव्हे.)

मग अडचण कोठें? पहिल्या इंधनास सुमारें १५ कोटि अंश उष्णता पुरते. बोरॉनला शंभर कोटींहून अधिक लागते. इतक्या तापलेल्या वायूंतील इलेक्ट्रॉन एकसारखे क्ष-किरण सोडीत राहतात. बोरॉनच्या अणुगर्भावर पांचपट विद्युद्भार असल्यानें ही गळती फारच वाढते. चूल पेटण्याआधींच ऊब निघून जाते, म्हणाना!

१९५५ सालीं जिनीव्हाच्या परिषदेंत अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनीं, वीस वर्षांत ही शक्ति ताब्यांत येईल, असें भाकीत केलें होतें. २०२३ सालीं जपानांतील चुंबकीय यंत्रांत हायड्रोजन-बोरॉन संयोग मोजला गेल्याचें प्रसिद्ध झालें. खर्चिलेल्या शक्तीच्या मानानें मिळकत नगण्यच होती.