नदीकाठची गिरणी

इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहराच्या दक्षिणेस स्टायल नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे बॉलिन नदीच्या काठी विटांची एक उंच, जुनी इमारत उभी आहे. तिचे नाव क्वॉरी बँक गिरणी. सॅम्युएल ग्रेग या व्यापाऱ्याने ती १७८४ साली उभारली.

शहर सोडून ग्रेग या आडबाजूस का आला? त्या काळी सूत कातण्याची यंत्रे बहुधा वाहत्या पाण्याच्या बळावर फिरत. म्हणून जिकडे नदी, तिकडे गिरणी. १८१८ साली येथे बत्तीस फूट व्यासाचे प्रचंड लोखंडी चाक बसवण्यात आले. नदीचे पाणी त्यावर पडे, आणि वरच्या मजल्यांवरील यंत्रे धडधडू लागत.

पाणी मिळाले, पण खेड्यात कामकरी कोठून मिळणार? ग्रेगने निराधारांच्या आश्रयगृहांतून नऊ-दहा वर्षांची मुले आणली. त्यांच्यासाठी १७९० साली एक स्वतंत्र घर बांधले. तेथे सुमारे नव्वद मुलेमुली राहत. त्यांना अन्न, वस्त्र व निवारा मिळे. आजारात वैद्य येई. त्याच्या बदल्यात त्यांनी दिवसाचे बारा तास राबावे, तुटलेले धागे सांधावेत, यंत्राखालचा कापूस वेचावा, असा करार असे.

ग्रेगची पत्नी हॅना मोठी विदुषी होती. ती या मुलांना स्वतः शिकवी. इतर अनेक गिरण्यांपेक्षा येथील मुलांचे हाल कमी होत, हे खरे. परंतु कमी हाल म्हणजे सुख नव्हे.

१८०६ साली टॉमस प्रीस्टली आणि जोसेफ सेफ्टन हे दोन मुलगे गिरणीतून पळाले आणि दूर लंडनपर्यंत गेले. टॉमस अवघा तेरा वर्षांचा. त्याच्या डाव्या हाताचे एक बोट यंत्राच्या चाकात सापडून तुटले होते. त्याला आईला भेटायचे होते. जोसेफची तक्रार निराळीच होती. त्याला अधिक शिकायचे होते. पण जादा कामामुळे शाळेत नेहमी जाता येत नसे. दंडाधिकाऱ्यांपुढे दोघांनी दिलेले जबाब आजही जपून ठेवलेले आहेत.

ग्रेग घराण्याच्या वैभवाला आणखी एक काळी बाजू होती. वेस्ट इंडीजमधील डोमिनिका बेटावर सॅम्युएलचा मळा होता, व तेथे गुलाम राबत. पुढे त्याचा मुलगा रॉबर्ट याने गिरणी वाढवली. पण कामाचे तास कायद्याने कमी करण्यास त्याने विरोध केला. तरीही १८४७ साली स्त्रिया व तरुण कामगार यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला. त्याच वर्षी क्वॉरी बँकेतील मुलांच्या कराराची पद्धत बंद पडली.

१८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली. तिची यंत्रे इंग्लंडहून आली, आणि यंत्रांच्या मागोमाग बालश्रमाचा प्रश्नही आपल्या दाराशी आला. सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेऊ नये, असा कायदा आपल्याकडे १८८१ साली झाला.

ग्रेगच्या वंशजाने १९३९ साली ही गिरणी राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या संस्थेस दान केली. १९५९ साली तेथील व्यापारी उत्पादन थांबले. आज ती एक संग्रहालय आहे. तेथे मालकाच्या घराण्याच्या आठवणी आहेत, आणि पोरक्या मुलांच्याही. मुलांनो, गिरणीचा खरा इतिहास या दोन्ही मिळूनच पुरा होतो.

शब्दार्थ
विदुषी – विद्वान स्त्री. जबाब – अधिकाऱ्यापुढे सांगितलेली हकीकत. सांधणे – जोडणे.

स्वाध्याय
१. ग्रेगने गिरणीसाठी नदीकाठ का निवडला?
२. टॉमस व जोसेफ गिरणीतून का पळाले?
३. ‘कमी हाल म्हणजे सुख नव्हे’ हे विधान स्पष्ट करा.
४. तुमच्या आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या कामाविषयी विचारा व दहा ओळी लिहा.