थाई भाषेतील 'जाणे' आणि 'येणे'

पाली जाणणाऱ्यास थाई भाषा अर्धी आलीच, असा एक समज आपल्याकडे आहे. नामांपुरता तो काही अंशी खरा. दिशेला थाईत 'थित' म्हणतात, ते आपल्या 'दिशा'चेच रूप. भिक्खूंना आदराने बोलावण्याचा 'निमोन' हा शब्द निमंत्रणाच्या कुळातला. परंतु बुद्धगयेच्या थाई विहारातील भिक्खूंशी त्यांच्या भाषेत बोलू गेल्यास चालणे, चढणे, परतणे या साध्या क्रियांपाशीच आपली पाली थांबते. हे शब्द पालीतले नसून त्यांची रचना निराळीच शिकावी लागते.

थाईत क्रियापद रूप बदलत नाही, नामाला विभक्तिप्रत्यय लागत नाही. 'पाइ' म्हणजे जाणे, 'मा' म्हणजे येणे. 'पाइ वत' म्हटले की 'विहारात जाणे' पुरे झाले. आपला 'ला' किंवा 'त' तेथे शोधू नये. मग दिशा सांगायची कशी? क्रियापदांची माळ ओवून. 'ख्युन' वर चढणे, 'लोङ' खाली उतरणे, 'खाव' आत शिरणे, 'ऑक' बाहेर पडणे, 'क्लप' परतणे. 'विङ क्लप खाव पाइ' म्हणजे शब्दशः धावणे-परतणे-शिरणे-जाणे: तो धावत परत आत गेला. शेवटच्या 'पाइ'ऐवजी 'मा' घातले, की बोलणारा स्वतः आत आहे हे ऐकणाऱ्यास कळते.

मराठी कानाला हे परके नाही. आपण 'घेऊन ये', 'घेऊन जा' म्हणतोच. थाईत 'आव नङसू मा', म्हणजे घेणे-पुस्तक-येणे: पुस्तक आण. कर्म मात्र मध्ये बसते, ते विसरू नये. गंमत अशी, की काळाच्या बाबतीतही दोन्ही भाषा एकाच वाटेने जातात. 'मी ३० वर्षे शिकवत आलो' यातला 'आलो' थाईतही आहे: 'सॉन मा साम-सिप पी', शिकवणे-येणे-तीस-वर्षे.

हेच शब्द दिशांच्या नावांतही भेटतात. पूर्व म्हणजे 'तवन ऑक', सूर्य बाहेर पडतो ती बाजू. पश्चिम 'तवन तोक', सूर्य पडतो ती. आपल्या उगवती-मावळतीची येथे आठवण व्हावी. उत्तर 'नुआ', दक्षिण 'ताय'. यांचा अर्थ वर आणि खाली असाही होतो. त्या देशाच्या उत्तरेस डोंगर, दक्षिणेस समुद्र. म्हणून उत्तरेला जाणारा 'ख्युन', चढतो. दक्षिणेला जाणारा 'लोङ', उतरतो. आपला माणूसही घाटावर जातो आणि कोकणात उतरतोच की.

खरी कसोटी स्वरांची. थाईत पाच स्वर आहेत. 'मा' सपाट उच्चारल्यास येणे, उंच सुरात घोडा आणि खालून वर चढवल्यास कुत्रा. देवनागरीत हा भेद उतरत नाही. तो कानानेच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी थाई बोलणाऱ्याची सोबत हवी.

सरावास वर्गाचे दार पुरते. एक विद्यार्थी आत, एक बाहेर उभा करावा आणि तिसऱ्यास दारातून आत जाण्यास सांगावे. बाहेरच्याने 'खाव पाइ' म्हणावे, आतल्याने त्याच क्षणी 'खाव मा'. मग दोघांच्या जागा बदलाव्यात.