बालहक्कांची प्रगती कशी तपासायची? इगतपुरीच्या दोन घटना आणि आपला हजेरीपट



नोव्हेंबर उजाडला की शाळेच्या ग्रुपवर परिपत्रकं यायला लागतात. १४ तारखेला बालदिन, २० तारखेला बालहक्क दिन. प्रभातफेरी काढा, चित्रकला स्पर्धा घ्या, फोटो लिंकवर अपलोड करा. आपले फोटो गेले की केंद्राचा अहवाल तयार होतो, केंद्रावरून तालुक्याचा, तालुक्यावरून जिल्ह्याचा. मीही दरवर्षी हे करते, त्यामुळे कुणाला नावं ठेवायचा हेतू नाही. पण सरकारने मुलांना जी वचनं दिली आहेत ती कितपत पाळली गेली, हे आपल्यासारख्यांनी गावात बसून कसं तपासायचं? त्याचीच उजळणी आज करू या.

आधी वचनं कोणती ते थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता २० नोव्हेंबर १९८९ ला स्वीकारली आणि भारत ११ डिसेंबर १९९२ ला तिच्यात सामील झाला. सामील होताना आपण बालमजुरीच्या कलमाबाबत एक निवेदन जोडलं होतं, की कामासाठीचं किमान वय सगळीकडे लगेच लागू करणं शक्य नाही, ते टप्प्याटप्प्याने करू. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आलं, २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली. घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेनंतर हातभार आणि बालकलाकार एवढी सूट त्यात राहिली. ही सूट खेड्यात कशी वापरली जाते हे तुम्हाला माहीत आहेच.

आता प्रगतीचे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या शेजारच्या दोन फेऱ्या घेऊ, २०१५-१६ ची आणि २०१९-२१ ची. महाराष्ट्रात दवाखान्यात होणारी बाळंतपणं ९०.३ टक्क्यांवरून ९४.७ टक्क्यांवर गेली. सगळ्या लसी मिळालेली बाळं ५६.२ वरून ७३.५ टक्के झाली. ही खरी प्रगती आहे आणि तिचं श्रेय आशाताई, परिचारिका आणि अंगणवाडी सेविकांना द्यायलाच हवं. पण त्याच अहवालात पाच वर्षांखालच्या, वयाच्या मानाने खुज्या राहिलेल्या मुलांचं प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्के झालं आणि कमी वजनाच्या मुलांचं ३६ टक्क्यांच्या आसपास तसंच राहिलं.

हे दोन गट शेजारी ठेवून पाहा. बाळंतपण, लस या एकेका दिवसाच्या गोष्टी आहेत. गाडी आली, ताई आल्या, नोंद झाली, काम झालं. मुलाची उंची वाढायची तर ताटात रोज काहीतरी पडावं लागतं. आई कामावर गेली, मजुरीला खाडा पडला, पाऊस लांबला, तरी पडावं लागतं. म्हणजे जे काम एका दिवसात होतं तिथे सरकार पुढे सरकलेलं दिसतं, आणि जे रोज करावं लागतं तिथे अडखळतं. अंड्याचंच घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा निर्णय झाला. मुलं बुधवार-शुक्रवारची वाट बघायला शिकली न शिकली, तोवर जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी वेगळे पैसे मिळणार नाहीत असं आलं. निर्णयाची बातमी एका दिवसाची होती, अंडं मात्र दर आठवड्याला लागणार होतं.

शिक्षणातही हेच दोन प्रकार आहेत. पटनोंदणी एका दिवसात होते. प्रवेशोत्सव, फुगे, गुलाबाचं फूल, फोटो. शाळेत येणं मात्र रोजचं असतं. आपल्या नाशिक जिल्ह्यात या दोहोंमधली दरी २०२२ साली किती उघडी पडली ते आठवतं का?

त्या वर्षी ५ ते २० जुलै या काळात राज्यभर ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ राबवलं गेलं. शाळाबाह्य, अनियमित आणि स्थलांतरित मुलांचा घरोघरी जाऊन शोध घ्यायचा होता. तुमच्यापैकी कित्येकांनी त्या पावसात वस्त्या पालथ्या घातल्या असतील. आणि सप्टेंबरमध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावच्या कातकरी वस्तीवरची बातमी आली. तिथली मुलं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे ठेवलेली होती, वर्षाकाठी थोडेसे पैसे किंवा एखादी मेंढी या बोलीवर. त्यातली दहा वर्षांच्या आसपासची एक मुलगी गंभीर अवस्थेत घरी आणून सोडली गेली आणि पुढे तिचा मृत्यू झाला. तेव्हा कुठे यंत्रणा हलली, गुन्हे दाखल झाले, बाकीच्या मुलांचा शोध सुरू झाला. वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती १९७६ मध्ये, हे आपण सामान्य ज्ञानाच्या वहीत लिहून घेतो.

ही मुलं जुलैच्या शोधात का सापडत नाहीत? सर्वेक्षण घरी जाऊन होतं आणि ही मुलं घरी नसतात, हे पहिलं कारण. आईबापाला विचारलं की “मामाकडे गेलंय” असं उत्तर येतं आणि आपल्या तक्त्यात तो रकाना भरून होतो. ज्याने उचल घेतली आहे तो माणूस अनोळखी गुरुजींना खरं कशाला सांगेल? दुसरं कारण जास्त अवघड आहे. टक्केवारी काढताना भागिले कशाने, हा प्रश्न आपण विचारत नाही. शंभर टक्के उपस्थिती म्हणजे पटावरच्या मुलांची शंभर टक्के. ज्याचं नावच पटावर नाही ते मूल हजर नाही, गैरहजरही नाही. आठवीच्या वर्गाला शेकडेवारी शिकवताना आपण छेद तपासायला सांगतो आणि अहवाल वाचताना स्वतः विसरतो.

इथे मेंढपाळांनाच खलनायक करून मोकळं होऊ नका. धनगर कुटुंबांची स्वतःची मुलंही वाड्याबरोबर फिरतात आणि त्यांचीही शाळा बुडते. सुरगाणा-पेठकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जाणारी कुटुंबं तर दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोरून जातात. त्यांच्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. कार्ड दिलं ही एका दिवसाची नोंद झाली. ते कार्ड घेऊन मूल बागेजवळच्या शाळेत खरंच बसलं का, हे पाहायला दोन शाळांच्या मुख्याध्यापकांनी एकमेकांना फोन करावा लागतो. तो फोन कुठल्याही तक्त्यात मोजला जात नाही, म्हणून बहुतेकदा होतही नाही.

दुसरी घटना त्याच तालुक्यातली, पुढच्याच महिन्यातली. दरेवाडी ही भाम धरणामुळे विस्थापित झालेल्यांची वस्ती. तिथली शाळा बंद करून मुलांना दुसऱ्या शाळेत जायला सांगण्यात आलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलं आणि पालक बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर आले. मागणी अशी की, दप्तरं परत घ्या आणि त्याबदल्यात आम्हाला बकऱ्या द्या, निदान त्या तरी वळू. त्यानंतर शाळा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय प्रशासनाला घ्यावा लागला. महिनाभर आधी मेंढ्यांमागे गेलेल्या मुलीची बातमी वाचलेल्या जिल्ह्यात या मागणीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नाही. आपल्या राज्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. पण नकाशावरचं अंतर आणि जुलैच्या पावसात ओहोळ ओलांडून सहा वर्षांच्या पोराला घेऊन जाण्याचं अंतर एक नसतं. ते पालकांना विचारूनच कळतं.

आता आपल्या घरातलं बोलू. सरकारची प्रगती तपासायची म्हणतो, पण ते आकडे भरतो कोण? आपणच. यू-डायसमध्ये मूल दुसरीकडे गेलं की आपण त्याला ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकतो. दुसऱ्या शाळेने ते ओढून घेतलं तर ठीक, नाही घेतलं तर ते तिथेच पडून राहतं. आपल्या शाळेचा पट स्वच्छ दिसतो. माझ्या एका जुन्या शाळेत असं एक नाव दोन वर्षं पडून होतं. ऊसतोडीला गेले आहेत, येतील, असं मीही म्हणत राहिले. ते कुटुंब कुठे होतं याची चौकशी मी कधी केली नाही. पटसंख्येवर शिक्षकांची पदं ठरतात, त्यामुळे गळती मान्य करणं शाळेला परवडत नाही, हेही खरं. जो आकडा भरणाऱ्याच्याच अंगावर येतो तो आकडा खरा येईल ही अपेक्षा करणंच भाबडेपणाचं आहे. म्हणून तपासणीत पालक हवेत.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत आणि निम्म्या महिला, असं कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे ते शोभेसाठी नाही. पालकांनो, पुढच्या सभेत तीन वह्या एका टेबलावर मागा: अंगणवाडीतली किंवा आशाताईंकडची सहा वर्षांपूर्वीच्या जन्मांची नोंद, पहिलीचा पट, आणि ड्रॉपबॉक्सची यादी. समजा त्या वर्षी वस्त्यांसकट गावात ३१ मुलं जन्मली आणि पहिलीत २६ आहेत. उरलेल्या पाचांची नावं घेऊन एकेकाचं विचारायचं. दोघं इंग्रजी शाळेत गेली, एक कुटुंब नाशिकला राहायला गेलं, एक बाळ दगावलं, तर ते कशाने? पाचव्याला शेवटचं कुणी आणि कधी पाहिलं? “मामाकडे” असं उत्तर आलं तर मामाचं गाव विचारा आणि तिथल्या शाळेला फोन लावा. ही तपासणी जुलैत एकदा करून भागत नाही. दिवाळीनंतर कुटुंबं बाहेर पडतात तेव्हा दुसऱ्यांदा करावी लागते.

उत्तर मिळालं नाही तर लेखी तक्रार करा. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. मूल कुठे कामावर आहे अशी शंका आली तर मात्र तीन महिने थांबायचं नाही, १०९८ लावायचा. अर्ज साध्या मराठीत चालतो. पोच घ्यायला विसरू नका, आणि पोचेची एक झेरॉक्स समितीच्या इतिवृत्ताच्या वहीला लावून ठेवा, कारण मुख्याध्यापकांची बदली होते आणि नव्या मॅडमना त्या पाचव्या मुलाबद्दल काहीच ठाऊक नसतं.