जमिनींतील हिरवी बुरशी : तिच्या जाति व त्यांचीं नांवें

शेतीच्या व्यवहारांत नांवाला किती महत्त्व आहे, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. ज्वारीचें बियाणें घ्यावयास गेलेला मनुष्य नुसत्या 'ज्वारी' या शब्दावर संतुष्ट होत नाहीं. मालदांडी कीं दगडी, हें विचारल्यावांचून तो पैसे देत नाहीं. परंतु मर व मूळकुजव्या या रोगांवर उपाय म्हणून जी बुरशी आपण विकत आणतों, बियाण्यास चोळतों व शेणखतांतून जमिनींत घालतों, तिच्या पाकिटावर 'ट्रायकोडर्मा' एवढा शब्द दिसला कीं आपलें समाधान होतें. हें समाधान कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचें आम्ही योजिलें आहे.

प्रजाति, जाति व वाण

शास्त्रीय नांव दोन शब्दांचें असतें. पहिला शब्द प्रजातीचा व दुसरा जातीचा. वांगें, बटाटा व रानांत उगवणारी काटेरिंगणी हीं तिन्हीं 'सोलॅनम' या एकाच प्रजातींतील होत. त्यांचीं फुलें पाहिलीं म्हणजे नातें ध्यानांत येतें. तरी कोणी 'सोलॅनमचें बीं द्या' असें म्हटलें, तर त्याच्या हातीं काय पडेल हें सांगतां यावयाचें नाहीं. 'ट्रायकोडर्मा' हा शब्द असाच केवळ प्रजातीचा आहे. जुलै २०२० पर्यंत या प्रजातींत नियमानुसार नांव मिळालेल्या ३७५ जाति मोजल्या गेल्या होत्या. शिवाय एकाच जातींत, ज्वारींत मालदांडी व दगडी असावी त्याप्रमाणें, निरनिराळे वाण असतात; आणि एका वाणाचा गुण दुसऱ्यांत असेलच असें नाहीं.

अशा बारीक भेदांचें महत्त्व आपल्या कडधान्यांच्या पिकांतहि दिसतें. तुरीवर मर आणणारी बुरशी 'फ्युझेरियम उडम' होय. तिला हें नांव बटलर यांनीं १९१० सालीं दिलें. हरभऱ्याची मर 'फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम' हिच्या एका विशिष्ट प्रकारामुळें होते. दोन्हीं बुरशी एकाच प्रजातींतल्या. पण एकीचें भक्ष्य तूर, तर दुसरीचें हरभरा. दोहोंस एकच समजणारा मनुष्य पिकांची फेरपालट करतांना फसल्यावांचून राहणार नाहीं.

नांवांचा इतिहास

ट्रायकोडर्मा ही प्रजाति १७९४ सालीं पर्सून यांनीं स्थापिली व तींत चार जाति घातल्या. त्यांपैकीं आज तींत 'विरिडे' ही एकच उरली आहे. बाकीच्या तीन अन्य प्रजातींत गेल्या. पुढें दीर्घकाळ गोंधळच राहिला. बुरशी हिरवी दिसली कीं तिला 'विरिडे' म्हणावें, असा परिपाठ पडला; इतका कीं १९३९ सालीं बिस्बी यांनीं या प्रजातींत विरिडे ही एकच जाति मानावी असें प्रतिपादन केलें. १९६९ सालीं इंडोनेशियाचे मीन रिफाई यांनीं सूक्ष्म निरीक्षण करून या समूहाचे नऊ विभाग पाडले. आज सर्वत्र ऐकूं येणारें 'हार्झियानम' हें नांव त्यांच्याच ग्रंथांतील आहे. तथापि हे विभाग म्हणजे जातींचे गठ्ठे असून त्यांत एकाहून अधिक जाति दडलेल्या असाव्या, हें त्यांनीं जाणलें होतें. पुढें कॅनडांतील बिसेट यांनीं १९८४ पासून या गठ्ठ्यांची अधिक बारकाईनें फोड केली.

ओळखण्याच्या रीति

ही ओळख कशी पटवितात? प्रथम बुरशी बटाट्याच्या अर्काच्या थिजविलेल्या खाद्यावर वाढवितात व तिचा वेग, रंग व गंध पाहतात. कांहीं जातींस खोबऱ्यासारखा वास येतो. नंतर सूक्ष्मदर्शक यंत्रांतून तंतूंच्या फांद्या कशा फुटतात, बीजाणु गोल कीं लांबट, गुळगुळीत कीं खरखरीत, हें तपासतात. हार्झियानमचे बीजाणु गुळगुळीत असतात, तर विरिडेचे बारीक पुरळ आल्यासारखे दिसतात. तिसरी कसोटी उष्णतेची. ३५ अंश उष्णतामानांत हार्झियानम वाढते. विरिडे वाढत नाहीं.

या कसोट्या उपयोगी असल्या तरी पुऱ्या पडत नाहींत. विरिडे या नांवाखालीं खरखरीत बीजाणूंचे दोन प्रकार नांदत होते. दुसऱ्या प्रकाराचे पुरळ किंचित् निराळे, आणि ३५ अंशांवरहि त्याची वाढ होई. १९९९ सालीं ही जाति निराळी काढून तिला 'ॲस्पेरेलम' हें नांव देण्यांत आलें. त्यानंतर 'विरिडे' म्हणून वापरांत असलेल्या पुष्कळ बुरशी वस्तुतः ॲस्पेरेलम अथवा तिच्या भगिनी जाति असल्याचें आढळून आलें. आमच्या उष्ण प्रदेशाच्या दृष्टीनें हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कारण जी बुरशी ३५ अंशांवर वाढत नाहीं, तिच्याकडून उन्हानें तापलेल्या जमिनींत फारशी अपेक्षा करणें व्यर्थ होय.

हल्लीं शेवटचा निर्णय आनुवंशिक द्रव्याच्या, म्हणजे डी. एन. ए. च्या, वाचनावरून करितात. परंतु तेथेंहि सावधगिरी हवी. सर्व बुरशींसाठीं जो भाग सामान्यतः वाचला जातो, तो ट्रायकोडर्माच्या जवळच्या जातींत जवळजवळ सारखाच असतो. म्हणून आणखी दोन जनुकांचे भाग वाचून मगच निकाल द्यावा लागतो. या रीतीनें २०१५ सालीं खुद्द हार्झियानमचाच गठ्ठा सुटला आणि त्यांतून चौदांपेक्षां कमी नव्हेत इतक्या जाति निघाल्या.

नांव चुकल्याचे परिणाम

हा सारा पंडितांचा खटाटोप आहे, शेतकऱ्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यास तीन उदाहरणें देतों.

१९३२ सालीं वाइंडलिंग यांनीं ट्रायकोडर्मा ही रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीस ग्रासते, असें प्रसिद्ध केलें. जैविक रोगनियंत्रणाचा पाया येथें घातला गेला. त्यांनीं आपल्या बुरशीस 'लिग्नोरम' म्हटलें होतें. तिच्यांतील विषारी द्रव्य पुढें विरिडेच्या नांवावर जमा झालें, आणि इतरांस विरिडेंत तें सांपडेना. १९६४ सालीं उलगडा झाला कीं मूळ बुरशी आज जिला 'व्हायरेन्स' म्हणतात ती होती. प्रयोग खरा, पण नांव चुकीचें. त्यामुळें तो इतरांस पडताळतां येईना.

दुसरें उदाहरण अळंबीचें. १९८५ च्या सुमारास आयर्लंडमध्यें व पुढें ब्रिटन आणि उत्तर अमेरिका येथें बटन अळंबीच्या वाफ्यांवर हिरवी बुरशी येऊन उत्पादकांचें अतोनात नुकसान झालें. प्रथम ती हार्झियानम म्हणून ओळखली गेली. तीच जाति पिकांच्या रक्षणार्थ विकली जात असल्यामुळें उपकारक औषधच शत्रु ठरतें कीं काय, असा संशय उत्पन्न झाला. बारकाईनें तपासतां अळंबी खाणारी जाति निराळी ठरली व २००२ सालीं तिला 'ॲग्रेसिव्हम' हें नांव मिळालें. रोगनियंत्रणासाठीं वापरलेले वाण तिच्याहून भिन्न निघाले. येथें योग्य नांवानें निरपराध्याची सुटका केली.

तिसरें उदाहरण याच्या उलट आहे. २०१८ सालीं दक्षिण जर्मनींत मक्याचीं कणसें हिरव्या बुरशीनें कुजलेलीं आढळलीं. हार्झियानमच्या गठ्ठ्यांतून निघालेली 'आफ्रोहार्झियानम' ही जाति त्यास कारण ठरली. ट्रायकोडर्मा म्हटली म्हणजे ती सदैव मित्रच, असें धरून चालूं नये, हा यांतील बोध होय.

एका बुरशीस एक नांव

पूर्वी आणखी एक अडचण असे. बुरशीच्या लिंगी अवस्थेस एक नांव व अलिंगी अवस्थेस दुसरें, अशी पद्धति होती. त्यामुळें एकच जाति 'हायपोक्रिया' व 'ट्रायकोडर्मा' अशा दोन्हीं नांवांनीं ओळखली जाई. २०११ सालीं मेलबोर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनें ही पद्धति रद्द केली व २०१३ पासून एका बुरशीस एकच नांव हा नियम अंमलांत आला. ट्रायकोडर्मा हें नांव जुनें व अधिक रूढ, म्हणून तेंच राखण्यांत आलें. जुन्या पुस्तकांत हायपोक्रिया हें नांव आढळल्यास वाचकांनीं गोंधळूं नये.

शेतकऱ्यांनीं काय करावें

सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन बसणें हें शेतकऱ्याचें काम नव्हे. परंतु पुढील गोष्टी त्यास सहज करतां येतील. पाकीट घेतांना प्रजातीबरोबर जातीचें नांव, वाणाचा क्रमांक, नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख व वापरावयाची मुदत पाहावी. एका ग्रॅममध्यें निदान २० लक्ष जिवंत घटक असावेत, असा आपल्याकडे दंडक आहे. पाकीट उन्हांत ठेवूं नये. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाबरोबर ही बुरशी मिसळूं नये; तें रोगाच्या बुरशीबरोबर हिलाहि मारतें. ज्या पाकिटानें गुण आला त्याचें वेष्टण फेंकून न देतां वाणाचा क्रमांक वहींत टिपून ठेवावा. पुढील वर्षीं त्याच वाणाची मागणी करतां येईल, आणि गुण न आल्यास दोष कोणाचा हेंहि ठरवितां येईल.

अळंबी पिकविणाऱ्या बंधूंनीं मात्र विशेष जपावें. वाफ्यांवर हिरवा डाग दिसतांच तो भाग मिठानें अथवा ओल्या कागदानें झांकावा, म्हणजे बीजाणु उडणार नाहींत. आणि त्याचा नमुना जवळच्या कृषि विद्यापीठांतील वनस्पतिरोगशास्त्र विभागाकडे पाठवून जातीचें नांव विचारून घ्यावें.

नांवें बदलत जातात म्हणून शास्त्रज्ञांवर रुष्ट होण्याचें कारण नाहीं. शेताची मोजणी नव्यानें झाली म्हणजे गट क्रमांक बदलतो. पण त्यामुळें बांध अधिक स्पष्ट होतो व तंटा मिटतो. बुरशीच्या जातींच्या मोजणीचेंहि तसेंच आहे.