चोर सोडून संन्याशाला

मे महिना, नागपूरचं ऊन, आणि वॉरंटी संपायला थोडेच महिने उरलेले असताना माझा २७ इंची गेमिंग मॉनिटर बंद पडला. पॉवरचा दिवा लुकलुकायचा, क्षणभर चित्र यायचं, की पुन्हा अंधार. घेतला होता त्याच सीताबर्डीवरच्या दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने तो उघडून पाहणं सोडाच, साधी वायरही लावली नाही. "भाऊ, एकशेचव्वेचाळीसवरच चालवत होते ना? मग पॅनेल जाणारच. एरवी साठवर ठेवायचं, गेमपुरतं वाढवायचं. हे वॉरंटीत नाही बसत."

खोक्यावर १४४ हर्ट्झ हा रिफ्रेश रेटचा, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नवं होतं त्याचा, आकडा हातभर छापलेला. त्याच आकड्यापायी जास्तीचे पैसे मोजलेले. पाच गिअरची गाडी विकायची आणि बिघडली की म्हणायचं, चौथ्याच्या वर गेलातच कशाला! दुकानदाराशी हुज्जत न घालता मी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला. चार दिवसांनी त्यांचा माणूस घरी आला, त्याने मागचं झाकण काढलं आणि टॉर्चचा उजेड पॉवर बोर्डावर धरला. कपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं. दोन कपॅसिटर टम्म फुगले होते आणि एकाच्या बुडाशी तपकिरी चिकटा सुकला होता. पॅनेल धडधाकट होतं. "दादा, मॉनिटर इथेच असतो का?" त्याने विचारलं. खोली वरच्या मजल्यावरची, डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि मॉनिटरची पाठ भिंतीला टेकलेली. त्याला पुढे काही विचारावं लागलं नाही.

कपॅसिटरचा एक ढोबळ हिशेब आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असा कपॅसिटर ६५ अंशांवर साधारण ३२,००० तास चालतो, ७५ अंशांवर १६,०००. रोज आठ तास धरले तर अकरा वर्षांची साडेपाच होतात. बाहेर पारा ४५ ला टेकलेला असताना बंद खोलीत, भिंतीला चिकटलेल्या मॉनिटरच्या पोटात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. त्यात पावसाळ्याच्या तोंडावर वीज जाते-येते, आणि येताना झटका देऊन येते.

मग रिफ्रेश रेटवरच आळ का? त्याला जुनं कारण आहे. काचेच्या मोठ्या डबड्यांच्या काळात, म्हणजे सीआरटी मॉनिटरमध्ये, हे भय खरं होतं. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर ओळीओळीने फिरवावा लागे. मर्यादेबाहेरचा दर दिला की झोत फिरवणारं सर्किट तापून जळू शके. लिनक्सवर स्वतःच्या हाताने पडद्याची सेटिंग लिहिणाऱ्यांना तसा इशाराच दिलेला असे. डबडी गेली, भीती मात्र दुकानांत राहिली.

एलसीडीत असा झोतच नाही. १४४ हर्ट्झ म्हणजे चित्र दर ६.९ मिलिसेकंदांनी नवं होतं. ६० ला तेच १६.७ मिलिसेकंदांनी. द्रव स्फटिक वळून वळून झिजत नाहीत. उलट त्यांच्यावरच्या विजेची दिशा दर फ्रेमला मुद्दाम पालटतात, कारण एकाच दिशेने वीज देत राहिलं तर पडद्यावर चित्राचा ठसा राहू लागतो. वरच्या दराला आतली चिप थोडी जास्त वीज खाते, पण तिची निवडच त्या दरासाठी झालेली असते. एलसीडी खऱ्या अर्थाने म्हातारा होतो तो बॅकलाइटने. ब्राइटनेस शंभरावर ठेवलात की एलईडी जास्त तापतात आणि लवकर मंद होतात. म्हणून हात लावायचाच तर ब्राइटनेसला लावा. रात्रीच्या खोलीत तीस-चाळीस टक्के पुष्कळ झाले, डोळेही सुखावतात.

दोन ठिकाणी मात्र जपून. कंपनीने दिलेल्या कमाल आकड्याच्या पुढे, ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून १४४ चे १७० करणारे बहाद्दर असतात. तिथे चित्र फाटलं, काळं पडलं किंवा वॉरंटी नाकारली गेली, तर तक्रारीला तोंड राहत नाही. दुसरं, ओएलईडी. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः जळतो, आणि झिजतो तो प्रखरतेने आणि एका जागी तासन्‌तास बसलेल्या चित्राने: टास्कबार, गेममधला नकाशा, चॅनेलचा लोगो. रिफ्रेश रेटचा इथेही संबंध नाही. पण हे मॉनिटर बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना स्वतःची डागडुजी करतात. झोपण्यापूर्वी भिंतीवरचं बटण खटकन बंद करायची आपल्या घरांतली सवय तिथे आड येते. ओएलईडी असेल तर ते काम उरकू द्या, मग बटण.

जास्त दराचा भार पडतो तो ग्राफिक्स कार्डावर. सेकंदाला १४४ फ्रेम काढताना ते घामाघूम होतं, खोली तापते आणि वीजबिलही वाढतं. उन्हाळ्यात गेममध्ये फ्रेमची मर्यादा ९० किंवा १०० वर बांधून ठेवली तर बरं. ती मॉनिटर वाचवायला नव्हे, खोलीसाठी आणि खिशासाठी.

माझ्या खोलीत आता मॉनिटर भिंतीपासून वीतभर पुढे आहे, आणि कूलरच्या ओल्या झोतापासून लांब. वीज चांगल्या यूपीएसमधून येते. आणि दर १४४ वरच आहे. तुमचाही आहे ना, ते एकदा विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन बघा. महागाचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर बसलेले लोक मी पाहिलेत. नवी वायर जोडली की विंडोज बरेचदा आपणहून ६० वर जातं.

कोणी "जास्त हर्ट्झवर चालवला म्हणून गेला" म्हणत वॉरंटी नाकारली, तर तेच वाक्य सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. दिलं नाही तर थेट कंपनीकडे तक्रार नोंदवा, बिलाची प्रत जोडा, आणि तिथेही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा.