वजनावर घेतलेली नाणी

नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाती आलेला वेळ अशा एखाद्या छंदात घालवावा की ज्याच्या योगे घरबसल्या पृथ्वीप्रदक्षिणा घडेल, असे ज्या दिवशी माझ्या मनाने घेतले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी मुंबईतल्या एका नाणेविक्रेत्याच्या दुकानातून देशोदेशीच्या नाण्यांची पाच किलोंची पिशवी खांद्यावरून घरी आणली. दर किलोला १८०० रुपये असा भाव ठरला होता. ९००० रुपये मी रोख मोजून दिले आणि पावती मागितली नाही. ‘‘साहेब, हा माल चाळलेला नाही, आला तसा बांधून ठेवलाय,’’ असे विक्रेत्याने सांगितले, आणि ते खरे मानण्यास मला काहीच अडचण वाटली नाही, कारण ते खरे असावे अशी माझीच इच्छा होती. त्या व्यवहारात गेले ते केवळ पैसे असते, तर हा मजकूर लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पैशापलीकडचेही काही गेले, आणि ते माझ्याच हाताने गेले. नव्याने या वाटेला लागणाऱ्यांच्या हातून ते जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

अशा पिशव्यांचा उगम कोठे असतो, हे आधी समजून घ्यावे. प्रवाशांच्या खिशांत उरलेली परदेशी मोड, विमानतळांवरील देणगीपेट्यांत पडलेली चिल्लर, कालवश झालेल्या संग्राहकांच्या वारसांनी एकगठ्ठा विकून टाकलेला संचय आणि चलनातून बाद झालेली नाणी, असा हा सगळा प्रवाह असतो. १ जानेवारी २००२ रोजी युरोची नाणी व्यवहारात आली आणि जर्मनीचे फेनिग, फ्रान्सचे फ्रँक, इटलीचे लिरा, स्पेनचे पेसेटा यांच्या राशी निरुपयोगी होऊन पडल्या. वजनावर विकल्या जाणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा आजही त्यांचाच असतो. हा माल एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात जात आपल्यापर्यंत येतो, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर त्यातून कोणाचा ना कोणाचा हात फिरलेला असतो. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात फिरत, तेव्हा नाणे पारखून त्यावर किती बट्टा लावावयाचा हे सांगण्यासाठी पोतदार असे. वजनावरच्या मालालाही पोतदार असतोच. फरक इतकाच की तो विकणाऱ्याच्या बाजूस बसलेला असतो.

माझी पिशवी चाळलेली होती याचा पुरावा त्या पिशवीतच होता, पण तो वाचण्याइतके ज्ञान मला तीन महिन्यांनी आले. ब्रिटनची चांदीची नाणी १९१९ पर्यंत हजारी ९२५ कसाची, १९२० पासून १९४६ पर्यंत हजारी ५०० कसाची आणि १९४७ पासून तांबे व निकेल यांच्या मिश्रणाची निघू लागली. अमेरिकेच्या दहा व पंचवीस सेंटच्या नाण्यांत १९६४ पर्यंत नऊ दशांश चांदी असे. आपला रुपया १९३९ पर्यंत हजारी ९१७ कसाचा होता, १९४० पासून तो निम्म्या चांदीवर आला आणि १९४७ मध्ये निव्वळ निकेलचा झाला. ही सालांची कोष्टके व्यापाऱ्यांना तोंडपाठ असतात. मी जेव्हा माझ्या पिशवीतले शिलिंग सालवार ओळीने मांडले, तेव्हा त्या ओळीत सर्वांत जुने नाणे १९४७ चे होते. अमेरिकेच्या दहा सेंटच्या नाण्यांतले सर्वांत जुने १९६५ चे. खरोखरच न चाळलेल्या राशीत सालांची रेघ इतकी नेमक्या ठिकाणी तुटत नाही. तेव्हा पिशवी घेण्यापूर्वी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याऐवजी मूठभर नाणी काढून त्यांवरची साले पाहावीत; चांदी कोणी काढून घेतली आहे की नाही, हे ती साले आपणहून सांगतात.

मोजदाद केली तेव्हा एकूण नाणी १०६२ भरली. त्यांत परस्परांहून भिन्न असे प्रकार अवघे २८०, आणि या २८० पैकी ज्यांवरचा मजकूर व चित्र स्पष्ट वाचता येईल, ज्यांना छिद्र वा ठोकर नाही, जी संग्रहात ठेवण्यास मनाला संकोच वाटणार नाही, अशी १४० निघाली. पोलादी शंभर लिराची एकट्याची संख्या साठावर होती. घेताना प्रत्येक नाणे नऊ रुपयांच्या आत पडले असे मी समजत होतो. प्रत्यक्षात ठेवण्याजोगे प्रत्येक नाणे चौसष्ट रुपयांना पडले होते, आणि तशीच, किंबहुना त्यांहून टवटवीत नाणी पुढे नाण्यांच्या प्रदर्शनांतील परडीतून दहा-वीस रुपयांना निवडून घेताना मला आढळली. वजनाचा भाव हा मुळातच संग्राहकाच्या हिताविरुद्ध असतो, कारण जड आणि सामान्य नाण्यांनी पिशवी लवकर भरते आणि हलकी, चिमुकली, दूरदेशीची नाणी तिच्यात नावापुरती उरतात. किलोचा दर नगावर आणून पाहिल्यावाचून, आणि त्या नगांतले निम्मे दुबार निघतील असे धरून चालल्यावाचून, कोणीही थैलीला हात घालू नये. पहिल्या खेपेस अर्धा किलो पुरेसा आहे.

त्या राशीने मला काहीच दिले नाही असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. एका येनचे जपानी नाणे अॅल्युमिनियमचे आणि नेमके एक ग्रॅम वजनाचे असते, त्यामुळे घरच्या काट्याची रुजुवात त्याने घेता येते, हे मी तेथेच शिकलो. जपानच्या नाण्यांवर सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष असते आणि शोवा कारकिर्दीच्या वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन निघतो. थायलंडच्या बौद्ध सनातून ५४३ वजा करावे लागतात. नेपाळच्या नाण्यावर देवनागरीत २०३३ असे वाचून मी क्षणभर थबकलो होतो. ते विक्रम संवत असून त्यातून ५७ वजा केले की १९७६ मिळते, हे उमगल्यावर जो आनंद झाला तो खरा होता. लोहचुंबक, शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग, इतके साहित्य जवळ असले म्हणजे अर्धा किलो सामान्य नाणी एखाद्या शाळेसारखी उपयोगी पडतात.

चुंबकाविषयी मात्र एक सूचना. पिशवीच्या अगदी वर, सहज नजरेस पडेल असा, मारिया थेरेसा राणीचा भला मोठा थेलर ठेवलेला होता. या चांदीच्या नाण्यावरचे साल १७८० असते, परंतु राणीच्या मृत्यूनंतरही तेच साल कायम ठेवून ते अनेक टाकसाळींतून पाडले गेले, आणि १९४० व १९४१ मध्ये तर आपल्या मुंबईच्या टाकसाळीनेही ते पाडले. चुंबक त्याला चिकटला नाही, म्हणून मी निश्चिंत झालो. वस्तुतः चुंबक न चिकटणे हे चांदी असल्याचे प्रमाण नव्हेच. पितळ व शिसेही चुंबकाला दाद देत नाहीत. खऱ्या थेलरचे वजन २८ ग्रॅमहून किंचित अधिक असते आणि त्याच्या कडेवर ‘न्याय आणि दया’ या अर्थाचे लॅटिन शब्द उठावात असतात. माझा थेलर २२ ग्रॅमचा होता आणि त्याची कड साधी दातेरी होती. ज्याच्या दर्शनाने मी पिशवी घेतली, तेच नाणे खोटे होते.

आता ज्या गोष्टीविषयी मला सर्वाधिक खेद आहे ती सांगतो. आमच्या घरी देवघरातली ताम्हन, पळी, पंचपात्री ही तांब्याची उपकरणी चिंचेच्या कोळाने आणि मिठाने घासण्याचा पिढीजात शिरस्ता आहे, आणि घासल्यावर ती जशी लखलखतात तशीच नाणीही लखलखावीत, असे मला पहिल्याच रविवारी वाटले. पिशवीतली सगळी तांब्याची व काशाची नाणी मी एका परातीत चिंचेच्या पाण्यात भिजत घातली आणि संध्याकाळी एकेक घासून पंचावर वाळत टाकली. ती खरोखरच नव्यासारखी दिसू लागली. नाण्याच्या पृष्ठभागावर दशकानुदशके हळूहळू जमलेली जी तपकिरी साय असते, ती मळ नसून धातूचे स्वतःचेच कवच असते, ते एकदा उतरले की पुन्हा चढवता येत नाही, आणि धुतलेले नाणे जाणकार दुरूनच ओळखून बाजूस सारतो, यांपैकी एकही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

आमच्या इमारतीत एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांची सारी नोकरी मुंबईच्या टाकसाळीत झाली. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. पंचावरची नाणी पाहून ते प्रथम काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक मोठे गुलाबीसर झालेले नाणे उचलले, खिडकीपाशी नेले आणि भिंगाखाली बराच वेळ धरले. ते ऑस्ट्रेलियाचे १९४२ चे एक पेनी होते. एका बाजूस कांगारू, दुसऱ्या बाजूस सहाव्या जॉर्जचे मस्तक. ‘‘हे पाहिलंत का? मानेखाली बारीक ‘आय’ आहे. हे आपल्याकडचं. फोर्टातलं,’’ ते म्हणाले, आणि जरा थांबून हळूच विचारले, ‘‘का धुतलंत?’’

महायुद्धाच्या काळात मेलबर्नच्या टाकसाळीस मागणी पुरवता येईना, म्हणून १९४२ व १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाची पेनी मुंबईत पाडली गेली आणि त्यांवर ‘इंडिया’चे आद्याक्षर बारीकसे कोरले गेले. १८२९ मध्ये पुऱ्या झालेल्या मुंबईच्या टाकसाळीच्या त्या स्तंभांच्या वास्तूवरून मी चाळीस वर्षे कचेरीला जात-येत होतो. तिच्यातून निघालेले एक नाणे समुद्र ओलांडून गेले, तेथल्या माणसांच्या हातांतून फिरले आणि न जाणो किती हात बदलून पुन्हा त्याच शहरात माझ्या घरी आले. त्या सगळ्या प्रवासाचा रंग त्याच्या अंगावर होता, आणि तो मी एका दुपारी चिंचेच्या पाण्यात उतरवून टाकला. बाजारात त्या पेनीला फारशी किंमत नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून नम्र विनंती आहे, की नाणे धुऊ नये. फारच चिकट मळ असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून ठेवावे आणि न घासता, मऊ कापडावर टेकवून टिपावे. नरम प्लॅस्टिकच्या, वास येणाऱ्या अल्बममध्येही नाणी ठेवू नयेत. दोन पावसाळ्यांत माझ्या काही नाण्यांवर हिरवट चिकट थर धरला तो त्या प्लॅस्टिकमुळेच, आणि तो काढण्यास शुद्ध अॅसिटोन लागले, नखांचा रंग काढण्याचे सुगंधी द्रव नव्हे. पुठ्ठ्याच्या चौकटीतले कडक पारदर्शक होल्डर चांगले. त्यांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्या दर काही महिन्यांनी बदलाव्यात. दुबार नाणी परदेशातील आप्तांशी अदलाबदलीत द्यावी असे कोणाच्या मनात आल्यास, शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, याची खातरजमा टपालात पाकीट टाकण्यापूर्वी करावी.

उरलेली नाणी मी शेजारच्या शाळेतल्या मुलांना भूगोलाच्या तासासाठी दिली. वजनावर मी पुन्हा काही घेतले नाही. आता केवळ मुंबईच्या टाकसाळीने इतर देशांसाठी पाडलेली नाणी मी शोधतो, एकेक, साल व खूण पाहून, काट्यावर ठेवून, पावती घेऊन. १९४३ चा पूर्व आफ्रिकेचा एक शिलिंग मिळाला आहे, त्यावरही ते ‘आय’ आहे. खरा थेलर मिळाला, पण तो मुंबईचाच याची खात्री आप्पांना अजून पटलेली नाही, म्हणून तो वेगळ्या पाकिटात आहे. १९१८ मध्ये येथे पाडलेले सोन्याचे सॉव्हरिन माझ्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्यात येणारे नाही, आणि त्याची एक रिकामी जागा मी ठेवली आहे. गेल्या वर्षी न धुतलेले १९४२ चे पेनी सापडले, गर्द तपकिरी, मानेखालचे अक्षर शाबूत. ते दुसऱ्या खणात ठेवले. पहिल्या खणात ते गुलाबी झालेलेच आहे, आणि आप्पा रविवारी आले की आधी तेच बाहेर काढतात.